तासांचा हिशोब मागा

बारावीचा निकाल लागला की नगरच्या चौकाचौकांत फलक लागतात. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, मागे चकचकीत विमान आणि खाली ठळक अक्षरांत ‘पायलट व्हा’. फलकावर मोबाइल नंबर असतो, नोकरीची हमी असते, हप्त्यांची सोयही असते. ज्या आकड्यावर पुढचं सगळं अडून राहतं तो आकडा मात्र नसतो. तो आकडा आहे 200.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, हवा असेल तर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमाप्रमाणे किमान 200 तास उड्डाण केलेलं लागतं. त्यातले 100 तास विमानाची सगळी जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेऊन, म्हणजे पीआयसी म्हणून. याच पीआयसी तासांत 20 तास क्रॉस-कंट्रीचे. त्यात एक फेरी किमान 300 सागरी मैलांची, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून. 10 तास बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर. रात्रीचे 5 तास, त्यात दहा वेळा उडायचं आणि दहा वेळा उतरायचं.

पेपरांचं काय, ते आमची पोरं काढतात. हवामान, नेव्हिगेशन, रेग्युलेशन, टेक्निकल. 70 टक्क्यांना पास. राहात्याचा पोरगा पुण्यात खोली घेऊन सहा महिने बसला तर हे होतं. गाडी अडते ती तासांवर. तास पाठांतराने मिळत नाहीत. त्यांना विमान लागतं, इंधन लागतं, शिकवणारा माणूस लागतो, मोकळं आकाश लागतं. आणि पैसा लागतो.

पैशाचं बोलू. देशात आज सीपीएलचा खर्च 50 लाखांच्या घरात जातो. एअरबस किंवा बोइंगवर बसायचं तर टाइप रेटिंग निराळं, त्याचे आणखी दहा-वीस लाख निराळे. आता आपल्या भाषेत हिशोब करा. 2025-26 च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये आहे. 50 लाखांसाठी चौदाशे टन ऊस घालावा लागेल. एकरी चाळीस टन धरला तर पस्तीस एकरांचा एक अख्खा हंगाम. यात तोडणी-वाहतूक कापलेली नाही, खताचे पैसे धरलेले नाहीत, सोसायटीचं कर्ज फेडलेलं नाही आणि घरात कुणी जेवलेलंही नाही. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात पस्तीस एकर ऊस असलेली घरं किती, ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

मग बँक. साडेसात लाखांच्या वरचं शैक्षणिक कर्ज म्हटलं की बँक तारण मागते. बाप सातबारा पुढे करतो. बँकेला तो नको असतो. कारण 2002 च्या सरफेसी कायद्याने शेतजमीन त्या कायद्यातून वगळली आहे; कर्ज थकलं तर बँकेला ती या कायद्याने ताब्यात घेऊन विकता येत नाही. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून केलेली ही तरतूद, आणि ती योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा की दहा एकर बागायतीचा मालक बँकेच्या टेबलासमोर कफल्लक ठरतो, आणि नगरच्या सावेडीत एक फ्लॅट असलेल्या नोकरदाराची फाइल पुढे सरकते. ‘एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट आहे का?’ हा एकच प्रश्न उरतो. तो नसला की जमीन विकायचा विचार घरात शिरतो.

म्हणून मला या फलकांचा राग येतो. जमीन विकून भरलेल्या पैशात घर नेमकं काय विकत घेतंय, हे ते घराला सांगत नाहीत. घर समजतं, परवाना घेतला. प्रत्यक्षात घेतलेले असतात तास, आणि तेही पुढे कधीतरी मिळणारे.

कधीतरी म्हणजे कधी? साधं गणित मांडतो. समजा एका संस्थेकडे पाच विमानं आहेत. एक ठरलेल्या तासांनंतरच्या तपासणीसाठी हँगरमध्ये, एक सुट्या भागाची वाट बघत उभं. उरली तीन. प्रत्येकी रोज पाच-साडेपाच तास उडाली तरी दिवसाचे सोळा तास, आठवड्याचे एकशे बारा. मुलं साठ असतील तर एकाच्या वाट्याला आठवड्याला दोन तासही येत नाहीत. या वेगाने 200 तासांना शंभराहून जास्त आठवडे लागतात. दोन वर्षं उलटून जातात, आणि यात पाऊस धरलेला नाही. इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून विमान कंपनीत गेला तो महिना धरलेला नाही, धुक्याच्या सकाळी धरलेल्या नाहीत. वर नियम असा की हे 200 तास अर्जाच्या मागच्या पाच वर्षांतले असावे लागतात.

शिवाय थांबून थांबून उडणाऱ्याचा हात बसत नाही. तीन आठवडे विमानाला हात न लावलेला विद्यार्थी परत बसतो तेव्हा इन्स्ट्रक्टर त्याला एकट्याला सोडत नाही. शेजारी बसून आधी सर्किट करून घेतो, लँडिंग घोटून घेतो. ते बरोबरच आहे. पण ते तास कुणाच्या खिशातून जातात? बापाच्या. शिवाय हॉस्टेलचं भाडं आणि मेसचं बिल दर महिन्याला चालूच.

म्हणून पैसे भरायला गेलेल्या बापाने विचारावं ते असं.

“साहेब, तुमच्याकडं आज उडणारी विमानं किती?”

“काका, आमचा ताफा मोठा आहे.”

“ताफा नाही विचारला. आज सकाळी किती उडाली?”

“...”

“मुलं किती आहेत? मागच्या महिन्यात सगळ्यांनी मिळून किती तास केले? मागच्या बॅचच्या शेवटच्या पोराला दोनशे व्हायला किती महिने लागले? तेवढं लेटरहेडवर लिहून द्या, मग चेकचं बघू.”

जी संस्था हे लिहून देते तिथे बोलणी करावीत. जी चहा मागवून विषय बदलते तिथून उठावं. ट्रॅक्टर घेताना तासाला किती डिझेल खातो ते चार ठिकाणी विचारणारा आपला माणूस इथे पन्नास लाख मोजताना गप्प का बसतो? कारण समोरचा इंग्रजीत बोलतो आणि पोरगं शेजारी डोळ्यांत पाणी आणून बसलेलं असतं. मला दोन्ही कळतं. तरी विचारलंच पाहिजे.

डीजीसीएनेही हा प्रश्न उशिरा का होईना विचारला. 2025 साली देशातल्या फ्लाइंग स्कूलांची पहिल्यांदाच श्रेणी लावली गेली. 35 संस्थांपैकी एकही वरच्या दोन श्रेणींत बसली नाही. तेरा संस्था ‘बी’त आणि बावीस थेट ‘सी’त, म्हणजे पन्नास टक्क्यांच्या खाली. ज्या पोरांनी पेपरात 70 टक्के मिळवल्याशिवाय पास व्हायचं नाही, त्यांना शिकवणाऱ्या बावीस संस्था पन्नासही मिळवू शकल्या नाहीत. फलकावर ही श्रेणी छापणं सक्तीचं करा. अक्षर ‘पायलट व्हा’ एवढंच मोठं.

नगरच्या मुलाला सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे बारामती. श्रीगोंदा-कर्जतकडून तर भीमा ओलांडली की पलीकडेच. तिथे 2023 च्या ऑक्टोबरमध्ये 19 आणि 22 तारखेला, चार दिवसांत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं कोसळली. डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. थांबवायलाच हवं होतं. पोरांच्या जिवापुढे दुसरं काही नाही. पण ज्यांची फी आत अडकली, ज्यांचे एकशे तीस-एकशे चाळीस तास झाले होते, त्यांनी काय करायचं याची कुठलीही व्यवस्था आपल्या नियमांत नाही. बिल्डरने फ्लॅट रखडवला तर ग्राहकाला महारेरा आहे. तास रखडले तर विद्यार्थ्याला कोण आहे?

जिथे तास महाग आणि दुर्मिळ, तिथे खोटे तासही तयार होतात. वैमानिकांच्या जगात त्याला ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात, विमानाने नव्हे तर पेनाने उडवलेले. 2011 साली राजस्थानात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने हेच उघडकीला आणलं : फ्लाइंग स्कूलमध्ये न उडवलेले तास वहीत चढवून परवाने काढले गेले होते. त्याच सुमाराला बनावट गुणपत्रिका दाखवून परवाना घेतलेले वैमानिकही सापडले, आणि देशभरच्या फ्लाइंग स्कूलांची तपासणी करायची वेळ आली.

लॉगबुक हातात घेऊन बघावं असं असतं. लांब, आडवी वही. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, कुठून निघालं, कुठे उतरलं, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, पुढे इन्स्ट्रक्टरबरोबर की एकट्याने, दिवसा की रात्री, शेवटी शेरा आणि सही. एक ओळ म्हणजे एक उड्डाण. प्रत्येक ओळीला बाहेर साक्षीदार असतात. इंजिनाचा मीटर तेवढा पुढे सरकलेला असतो, विमानाच्या स्वतःच्या वहीत तीच वेळ असते, इंधनाच्या नोंदीत तेवढे लिटर कमी झालेले असतात, टॉवर असेल तर तिथेही नोंद असते. हे चार कागद शेजारी ठेवले की खोटी ओळ लपत नाही. कोणी तरी शेजारी ठेवायला मात्र हवेत.

आणि खोट्या ओळीची किंमत वहीत फेडली जात नाही. ती धावपट्टीवर फेडली जाते, आडवा वारा सुटलेला असताना. ज्याने तो वारा कधी अंगावर घेतलाच नाही, त्याच्या मागे शे-दीडशे माणसं पट्टा बांधून बसलेली असतात. शिर्डीला दर्शनाला येणारी, लेकराबाळांसकट. पेनाने तास लिहिणारा आणि त्यावर सही करणारा, दोघांनाही माझ्या लेखी माफी नाही.

आता दुसरी बाजू. 200 झाले, परवाना हातात आला. नोकरी? डीजीसीएने 2023 साली 1,622 आणि 2024 साली 1,342 सीपीएल दिले. केंद्रीय मंत्री सांगतात, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत देशाला 30 हजार वैमानिक लागतील. फलकवाले हाच आकडा उचलतात. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर वैमानिकांचं नियोजन कोलमडलं. तेव्हा ‘वैमानिकांचा तुटवडा’ ही बातमी घरोघर पोचली आणि क्लासवाल्यांना आयती जाहिरात मिळाली.

पण तुटवडा सगळ्यात जास्त भासतो तो डावीकडच्या सीटचा, कॅप्टनचा. त्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्याला 1,500 तास हवेत. तुमच्या पोराकडे आहेत 200. कंपन्यांना कमी पडतो तो अनुभवी माणूस, आणि फलक लावला जातो बारावीच्या पोरासाठी. मधल्या तेराशे तासांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

अमेरिकेत ते तास मिळवायला वाटा आहेत. तिथे 2009 च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ एक प्रवासी विमान पडून 50 माणसं गेली आणि 2013 पासून विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही 1,500 तासांची अट आली. तिथली पोरं मग शिकवतात, शेतांवर फवारणीची विमानं उडवतात, पाइपलाइनवरून गस्त घालतात, जाहिरातीचे फडके ओढतात, आणि पगार घेत घेत तास जमवतात. त्या अपघातातल्या दोघाही वैमानिकांचे तास पंधराशेच्या बरेच वर होते, हेही सांगितलं पाहिजे. नुसती बेरीज कामाची नाही. त्या तासांत माणूस काय शिकला ते बघावं लागतं.

आपल्याकडे या मधल्या पायऱ्याच जवळपास नाहीत. छोट्या विमानांची कामं नाहीत. फवारणीला आता ड्रोन आले. राहुरीच्या कृषी विद्यापीठात ड्रोन चालवायचं रीतसर प्रशिक्षण मिळतं आणि गावातल्या पोरांना त्यातून रोजगार आहे. मात्र ड्रोनचं एक मिनिटही सीपीएलच्या वहीत चढत नाही, हे ‘ड्रोन पायलट’च्या जाहिराती बघून फसणाऱ्यांना सांगायला हवं. परवान्यानंतर हाताशी खरी वाट एकच, असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग घेऊन शिकवायला लागणं. पगार कमी, पण तास रोज. फ्लाइंग स्कूलांना इन्स्ट्रक्टर मिळत नाहीत आणि परवानाधारक पोरं घरी बसून एअरलाइनच्या जाहिरातीची वाट बघतात. याच पोरांना इन्स्ट्रक्टर रेटिंगसाठी बिनव्याजी कर्ज द्या. दोन्हीकडची अडचण एकदमच सुटते.

हे काम सरकारने करायचं का? करायचंच. 1928 साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये जेआरडी टाटा शिकले आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना देशातला पहिला परवाना मिळाला. ते टाटा होते, त्यांना परवडलं. पण पुढे कित्येक वर्षं फ्लाइंग क्लबांना उड्डाणाच्या तासांसाठी सरकारी अनुदान मिळत असे, म्हणून मध्यमवर्गातली मुलं-मुली त्या सीटपर्यंत पोचली. आपल्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी 1985 साली इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप सगळ्या महिला कर्मचाऱ्यांसह उडवलं. आज अनुदान गेलं आणि सगळा भार एकट्या घरावर आला.

महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबबरोबर वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली. योजना चांगली आहे आणि ती वाढली पाहिजे. पण तिचं यश निवडयादीत किती नावं लागली यावर मोजू नका. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाचे किती तास झाले ते जाहीर करा. मुलाचं नाव नको, क्रमांक पुरे.

आता आपल्या जिल्ह्याचं. शिर्डीचा विमानतळ आहे कोपरगाव तालुक्यातल्या काकडीत. 1 ऑक्टोबर 2017 रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तो चालवते राज्य सरकारची महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी. याच कंपनीच्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडिया प्रशिक्षण संस्था उभारते आहे. वर्षाला 180 वैमानिक घडवायचे आणि त्यासाठी 34 विमानं, असा तो बेत आहे. पाच-सव्वापाच मुलांमागे एक विमान. वर मांडलेल्या साठ मुलं-पाच विमानांच्या हिशोबाशेजारी हा आकडा ठेवा, म्हणजे कोणती संस्था शिकवायला बसली आहे आणि कोणती फी गोळा करायला, ते ओळखता येईल.

नगरचं आकाश प्रशिक्षणाला हवं तसं आहे. सह्याद्री ओलांडून पाऊस इकडे फारसा येत नाही, म्हणून पाथर्डी-जामखेडची माणसं टँकरची वाट बघतात आणि दिवाळी झाली की कोयता घेऊन बाहेर पडतात. नजरेवर उडणाऱ्या छोट्या विमानाला मात्र हीच कोरडी, मोकळी हवा लागते. तरीही इथल्या पोराने शिकायला बारामती, धुळे, जळगाव नाहीतर गोंदिया गाठायचं.

काकडीच्या शेतकऱ्यांनी विमानतळाला जमिनी दिल्या. त्यांच्या घरांवरून रोज विमानं जातात. विमानतळ विकास कंपनीने त्या गावातल्या एका मुलाचा किंवा मुलीचा 200 तासांचा पूर्ण खर्च दरवर्षी उचलावा, पहिल्या वैद्यकीय तपासणीपासून परवान्यापर्यंत. पैसे संस्थेला एकरकमी देऊ नयेत. तास उडाला, इंजिनाच्या मीटरशी जुळला, की त्या तासाचे द्यावेत. ही पद्धत एका मुलासाठी बसली की तीच देशातल्या प्रत्येक फ्लाइंग स्कूलला लावायची मागणी डीजीसीएकडे करता येईल. काकडीच्या ग्रामसभेने तसा ठराव करून मुंबईला पाठवावा. जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांनी त्याचा पाठपुरावा करावा.